जागल

पिंपळगाव राजाच्या शिवारात बुरशीला एक नाव नाही. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरली, की ती काणी. गव्हाच्या पानावर गंजाचे ठिपके उमटले, की तो तांबेरा. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा थर चढला, की ती भुरी. आणि काल हिरवेगार असलेले हरभऱ्याचे झाड आज उभ्या जागी वाळू लागले, की ती मर. हीच सृष्टी घरात शिरली म्हणजे भाकरीवरचा आणि लोणच्यावरचा बुरा होते, आणि माणसाच्या कातडीवर उतरली म्हणजे गजकर्ण. आमच्या खामगाव तालुक्यातील शेतकऱ्याला ही सारी नावे शाळेत न जाता येतात. पिकाचा रोग तो बांधावरून ओळखतो. परंतु ज्या देहानिशी तो बांधावर उभा असतो, तो देह स्वतःवर चालून आलेल्या बुरशीला कसा ओळखतो, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या मनात हा प्रश्न बरीच वर्षे होता. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने बुरशीपायी जे भोगले, ते पाहिल्यानंतर तो केवळ कुतूहलाचा राहिला नाही.

बुरशी आपले बीजाणू हवेवर सोडते. ते इतके सूक्ष्म असतात, की प्रत्येक माणसाच्या छातीत दररोज श्वासावाटे ते शेकड्यांनी जातात. मळणीच्या दिवशी कुटाराच्या ढिगाशी उभे राहणाऱ्या मजुराच्या छातीत त्याहून कितीतरी अधिक जात असतील. वसई-अलिबागकडील वाचकांनी पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर जी काळी-हिरवी नक्षी पाहिली असेल, तिच्यातूनही हीच पेरणी अखंड चालू असते. असे असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. याचे एक कारण देहाची ऊब. बुरशीच्या बहुसंख्य जातींना ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत नीट वाढता येत नाही. दुसरे कारण म्हणजे देहाची जागल.

जागल हा शब्द शहरातील वाचकांना कदाचित परका वाटेल. ज्ञानगंगेचे अभयारण्य आमच्यापासून दूर नाही. रानडुकरे आणि रोही रात्री पिकात उतरतात, म्हणून पीक हाताशी आले की शेतावर कोणीतरी रात्रभर जागत राहावे लागते. त्या राखणीला जागल म्हणतात आणि राखण करणाऱ्याला जागल्या. चांगल्या जागल्याची परीक्षा त्याच्या आरोळीवरून होत नाही. वाऱ्याने हललेली तूर कोणती आणि डुकराने हलवलेली कोणती, हे त्याला अंधारात कळावे लागते. प्रत्येक सळसळीला तो डबा बडवू लागला तर शेजारच्या मळ्यातले लोक दोन रात्रींनंतर त्याच्या हाकेला उठणार नाहीत. आणि तो झोपी गेला तर सकाळी शेतात नुसते धाटांचे चिपाड उरेल. देहाच्या जागल्यापुढेही नेमके हेच काम आहे, आणि बुरशीच्या बाबतीत ते विशेष अवघड आहे.

अवघड अशासाठी, की बुरशी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिला आपण वनस्पतींच्या पंक्तीला बसवतो; पण जीवसृष्टीच्या वंशवृक्षात तिची फांदी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या फांदीला अधिक जवळची आहे. जीवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी असते, की पेनिसिलिनसारखे औषध तिच्यावर घाव घालताना आपल्या पेशींना सोडून देऊ शकते. बुरशीची पेशी आतून बरीचशी आपल्यासारखी चालते. म्हणून बुरशीला मारणारी औषधे थोडी आणि त्यांतली काही अंगाला फार लागणारी आहेत. अँफोटेरिसिन-बी हे जुने, खात्रीचे औषध बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध पदार्थाला जाऊन चिकटते. आपल्या पेशींत त्याच जागी कोलेस्टेरॉल असते. दोघांचे रूप इतके मिळतेजुळते, की औषधाचा थोडा मारा आपल्या मूत्रपिंडांवरही होतो. जिथे औषधाची अशी फसगत होते, तिथे देहाने आप्त आणि वैरी कसे निवडायचे?

निवडीची खूण आहे बुरशीच्या अंगावरील वस्त्रात. आपल्या पेशीला भिंत नसते, नुसते पातळ पटल असते. बुरशीच्या पेशीभोवती जाड भिंत असते आणि ती तीन प्रकारच्या पदार्थांनी विणलेली असते. आतल्या बाजूला कायटिन, म्हणजे ज्याने कोलंबीचे आणि खेकड्याचे कवच बनते तो चिवट पदार्थ. मध्ये बीटा-ग्लुकान नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या. आणि अनेक जातींत बाहेरच्या बाजूला मॅनन या दुसऱ्या शर्करेची झालर. यांतले कायटिन आणि बीटा-ग्लुकान मनुष्यदेह कधीही तयार करीत नाही. ते देहात दिसले, तर ते बाहेरूनच आलेले असणार.

ही गोष्ट उमगायला शास्त्राला शंभरांहून अधिक वर्षे लागली. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हे रशियन साम्राज्यातून आलेले जीवशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. ज्या बागेत काही दिवसांपूर्वी संत्र्याच्या जातीचे एक लहानसे झाड मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून सजवले होते, त्याच बागेतले गुलाबाचे काटे घेऊन त्यांनी ते तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक डिंभात टोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. पुढे १८८४ साली त्यांनी पाणपिसूच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग बुरशीच्याच कुळातील एका यीस्टचा होता. त्याचे सुईसारखे बीजाणू पाणपिसूच्या पोटात जात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरत. पांढऱ्या पेशींनी त्यांना वेळीच घेरून गिळले तर पाणपिसू जगे. न गिळले तर बीजाणूंना अंकुर फुटत आणि ती मरे. देहात एक राखणदार आहे, हे मेचनिकॉफ यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तेही बुरशीच्या निमित्ताने. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तो राखणदार शत्रूला कोणत्या खुणेने ओळखतो, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर कुठे शोधावे, हे १९८९ साली अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी सुचवले. देह प्रत्येक जंतूला नावाने ओळखत नसेल, त्यांच्या समूहांच्या काही ठरावीक खुणा तो जन्मतःच जाणत असेल, असा त्यांचा तर्क होता. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तर्काला बळ दिले. फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीत ‘टोल’ नावाचे जनुक असते. ते बिघडलेल्या माश्यांना ॲस्परजिलस या बुरशीची लागण झाली तेव्हा त्या वाचू शकल्या नाहीत. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीच्या धाग्यांचे रान माजलेले त्या वेळचे छायाचित्र जगभर गाजले. या कामासाठी हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक ब्रूस बॉयटलर आणि राल्फ स्टाइनमन यांच्यासह मिळाले. माणसाच्या बाबतीत अधिक नेमका धागा २००१ साली हाती आला. गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवून दिले, की भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर ‘डेक्टिन-१’ नावाचे एक प्रथिन असते आणि ते बुरशीच्या भिंतीतील बीटा-ग्लुकानला कुलपात किल्ली बसावी तसे धरते.

किल्ली फिरली की पुढचे काम झपाट्याने होते. भक्षक पेशी बुरशीला गिळू लागते, तिच्यावर विषारी रसायनांचा मारा करते आणि हाक घालते. त्या हाकेसरशी न्यूट्रोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी रक्तातून धावून येतात. स्टाइनमन यांनी शोधलेल्या डेंड्रिटिक पेशी शत्रूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत जातात आणि तिथल्या टी पेशींना ते दाखवतात. त्या पेशी मग इंटरल्यूकिन-१७ सारखे निरोप धाडून कातडीची आणि तोंडाच्या अस्तराची राखण बळकट करतात. ही साखळी एका कडीला तुटली तर काय होते, हे २००९ साली दोन कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. नेदरलँड्समधील एका कुटुंबात डेक्टिन-१ सदोष होते, आणि त्या घरच्या स्त्रियांना नखांच्या व नाजूक भागांच्या बुरशीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असे. एका मोठ्या इराणी कुटुंबात डेक्टिनची हाक पेशीच्या आत पोहोचवणारे ‘कार्ड-९’ हे प्रथिनच निकामी होते. त्या घरातल्या काहींच्या मेंदूपर्यंत बुरशी पोहोचली आणि ती माणसे दगावली. आणि आमच्या शेतकरी बांधवांना सांगण्याजोगी गोष्ट अशी, की ही विद्या एकट्या माणसाची नव्हे. भाताच्या पेशीवरही कायटिन ओळखणारे प्रथिन असते, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवले. बांधावर उभा असलेला शेतकरी आणि त्याच्यासमोर उभे असलेले पीक हे दोघेही त्या एकाच भिंतीची खूण जाणतात.

इथवरची कथा शत्रूला ओळखण्याची झाली. आम्हांला त्याहून अधिक विचारात टाकले ते देहाच्या न ओरडण्याने. दररोज शेकडो बीजाणू छातीत जात असताना प्रत्येकासाठी सैन्य बोलावले तर फुफ्फुसे त्या लढाईनेच जळून जातील. मग जागल्या गप्प कसा राहतो? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २००९ साली याचा उलगडा केला. ॲस्परजिलसच्या सुप्त बीजाणूवर एका प्रथिनाचे पाणी न धरणारे पांघरूण असते. ते पांघरूण असेपर्यंत बीटा-ग्लुकान झाकलेले राहते आणि भक्षक पेशी त्या बीजाणूची फारशी दखल घेत नाहीत. त्याला ओल मिळून तो फुगला, अंकुर काढू लागला, की पांघरूण फाटते, खालची भिंत उघडी पडते आणि त्याच क्षणी हाक उठते. तोवर बहुतेक बीजाणू श्वासनलिकेतील चिकट द्रवाबरोबर मुकाट्याने बाहेर काढले जातात किंवा कोणताही गाजावाजा न होता गिळले जातात.

हे वाचताना आम्हांला जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायाची आठवण झाली. तो भाग आपण सहसा घाईने ओलांडतो. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करावे, याचे नियम तिथे दिले आहेत. अनेक अभ्यासक ते वर्णन भिंतीच्या बुरशीचे मानतात. घरमालकाने याजकाला वर्दी द्यावी. याजकाने पाहणी करण्यापूर्वी घर रिकामे करवावे, म्हणजे आतली चीजवस्तू विनाकारण अशुद्ध ठरणार नाही. मग त्याने चट्टा पाहावा. परंतु निवाडा लगेच देऊ नये. घर सात दिवस बंद ठेवावे आणि सातव्या दिवशी पुन्हा यावे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नगराबाहेर टाकावेत, भिंती आतून खरवडाव्यात, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. त्यानंतरही तो उमटला तर घर पाडावे. न उमटला तर घर शुद्ध आहे असे जाहीर करावे. त्या काळी बीजाणू कोणाला ठाऊक नव्हता, आणि या नियमांत आजचे विज्ञान शोधत बसणे आम्हांला उचित वाटत नाही. परंतु निवाड्याची कसोटी लक्षात घेण्यासारखी आहे. याजक विचारतो ते एवढेच, की डाग पसरला काय? देहाचा जागल्याही बीजाणूला जवळपास हेच विचारतो.

प्रभू येशूने सांगितलेल्या गव्हाच्या आणि निदणाच्या दाखल्यातही धन्याच्या चाकरांना घाई झालेली असते आणि धनी त्यांना थोपवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. आमच्याकडे बाया निंदणाला जातात तेव्हा जाणती बाई नवख्या मुलीला हेच बजावते. देहाची घाई गव्हाला कशी भोवते, याचीही उदाहरणे आहेत. काही दमेकऱ्यांच्या देहाला ॲस्परजिलसचे इतके वावडे असते, की निरुपद्रवी बीजाणूंवरही तो सगळी शस्त्रे परजतो. त्यांच्या श्वासनलिका बुरशीपेक्षा त्या शस्त्रांनीच अधिक घायाळ होतात.

अर्थात शत्रूही स्वस्थ बसलेला नसतो. कॅन्डिडा ही तोंडात आणि आतड्यात राहणारी बुरशी आपले बीटा-ग्लुकान मॅननच्या झालरीखाली दडवते. हिस्टोप्लाझ्मा त्याच्यावर दुसऱ्याच शर्करेचा लेप चढवते. कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी क्रिप्टोकॉकस तर अंगाभोवती बुळबुळीत कवच धारण करते, त्यामुळे भक्षक पेशीला तिच्यावर पकडच मिळत नाही. तरीही ज्याची जागल शाबूत आहे, तो माणूस बहुधा निभावून जातो. संकट येते ते जागल्याचा आवाज दाबला जातो तेव्हा.

२०२१ साली तसेच घडले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्यूकर कुळातील बुरशीने माणसांच्या नाकातून, सायनसमधून, डोळ्यांत आणि मेंदूत शिरकाव केला. लोकांनी तिला ‘काळी बुरशी’ म्हटले. खरे तर ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून रक्त अडवते, आणि रक्तावाचून मेलेले मांस काळे पडते. तिचे बीजाणू शिळ्या पावावर, कुजक्या पाल्यात, धुळीत सर्वत्र असतात. एरवी ती कोणाच्या वाटेस जात नाही. त्या वर्षी मात्र तिला तीन गोष्टी एकदम अनुकूल झाल्या. मधुमेह आटोक्यात नसला की पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्तात आम्लता वाढली की प्रथिनांनी बांधून ठेवलेले लोह सुटे होते, आणि लोह हे या बुरशीचे खाद्य. त्यातच स्टेरॉइडची भर पडली. स्टेरॉइडला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. प्राणवायू लावावा लागलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने घटतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले होते आणि त्या औषधाने असंख्य जीव वाचवले. पण ते औषध देहाची हाक दाबूनच गुण देते. गरज नसताना, जास्त दिवस, साखर न तपासता ते दिले गेले, तिथे बुरशीचा अंकुर फुटला तरी धावून येणारे कोणी उरले नाही. शिवाय म्यूकरच्या भिंतीत बीटा-ग्लुकान फार थोडे असते. मुळात खूणच पुसट, त्यात पाहणाराही गुंगीत.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवण्यास सांगितले. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वांत अधिक रुग्ण आपल्या महाराष्ट्रात होते. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. मे अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने ते इंजेक्शन बनवण्यास आरंभ केला, तेव्हा आम्हां विदर्भवासीयांना केवढा धीर आला! आमच्या नात्यातील एक मावशी त्या उन्हाळ्यात वरच्या जबड्याचा अर्धा भाग गमावून वाचल्या. शल्यविशारदांनी सडलेले हाड काढले, आजूबाजूचे खरवडले, आणि पुढे कृत्रिम टाळू बसवला. दगड काढणे, भिंत खरवडणे, नवा दगड बसवणे हे शब्द आम्ही लेवीयात वाचले होते. ते माणसाच्या चेहऱ्यावर घडलेले पाहिल्यापासून तो अध्याय आम्ही घाईने ओलांडीत नाही. मावशी अजूनही चारचौघांत पदराआड तोंड धरून जेवतात.

साथ ओसरली, परंतु हाक दाबण्याची सवय गावोगाव चालूच आहे. गजकर्ण झाले की लोक औषधांच्या दुकानातून एखादे मलम आणतात. त्यात पुष्कळदा बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, आणि माणूस मलमाला दुवा देतो. ती लाली आणि खाज म्हणजे बुरशी नव्हे. ती जागल्याची आरोळी होती. ती बंद पडताच बुरशी कातडीवर निवांत पसरते आणि महिन्याभरात मांड्यांवर, पोटावर मोठमोठी कडी उमटतात. सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती हातोहात मिळतात. औषधांना दाद न देणारी गजकर्णाची एक नवी जात आता जगभर पोहोचली आहे. २०२० साली जपानमधील तज्ज्ञांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले, आणि तिच्या ‘इंडोटिनी’ या नावातच आपल्या देशाचे नाव गोवले गेले. हा मान आम्हांला भूषणावह वाटत नाही.

डोळ्याची गोष्ट तर याहून दारुण. आमच्या शेजारच्या मळ्यातील दादांच्या डोळ्यात सोयाबीनच्या मळणीत कुटाराचा तुकडा उडाला. डोळा लाल झाला. एका दुकानातून थेंब मिळाले, त्यांनी लाली गेली, आणि दादा पुन्हा मळणीला उभे राहिले. आठवड्याने बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला. घरची माणसे म्हणाली, डोळ्यात फूल पडले. अकोल्याच्या नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाचा पृष्ठभाग हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो त्यात बुरशीचे धागे. ते थेंब स्टेरॉइडचे होते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथे मदत आधीच उशिरा पोहोचते. जी निघाली होती तिलाही थेंबांनी वाटेतच थांबवले. नॅटामायसिनचे थेंब कित्येक आठवडे तासातासाला घालून डोळा बचावला, पण त्या डोळ्याने दादांना आता उजेड आणि सावली यांपलीकडे फारसे दिसत नाही. शेतात जखमी झालेल्या डोळ्यांत बुरशी शिरणे ही आपल्या देशात मुळीच दुर्मिळ गोष्ट नाही, आणि तिची किंमत बहुधा रोजंदारीवर राबणारी माणसे मोजतात.

ओळखण्याची कसोटी देहाला जशी द्यावी लागते, तशी माणसांच्या समाजालाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि इतर गावांतील अडीचशेहून अधिक लोकांचे केस काही दिवसांत गळून पडले. पहिला संशय आला तो बुरशीचा आणि पाण्याचा. गावांची नावे बदनाम झाली, आणि या गावांतल्या माणसांना टाळण्याकडे बाहेरच्यांचा कल होऊ लागला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून, शिधावाटप दुकानातील गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार असल्याने केस गळाले, असा निष्कर्ष मांडला. तेव्हा ज्यांच्यावर प्रथम बोट रोखले गेले, ती बुरशी त्या माणसांच्या डोक्यावर नव्हती. याजकाने सात दिवस थांबावे आणि घर आधी रिकामे करवून आतल्यांचे नुकसान टाळावे, या जुन्या नियमातील करुणा आम्हांला त्या दिवसांत विशेष जाणवली. डागावरून माणसाला वाळीत टाकणे सोपे. डाग कशाचा आहे हे पाहणे कष्टाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये माणसाला घातक असणाऱ्या १९ बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. या शत्रूकडे जगाचे लक्ष किती उशिरा गेले, हे त्यावरून दिसते. माणसासाठी बुरशीविरुद्ध सर्रास वापरात असलेली एकही लस आज नाही. तेव्हा जन्मतः मिळालेली जागल हाच आपला मोठा आधार आहे. परमेश्वराने ती प्रत्येक देहात, श्रीमंताच्या आणि मजुराच्या, सारख्याच काळजीने ठेवली आहे, अशी आमची श्रद्धा आहे. तिच्यातील शहाणपणाचे दोन भाग आहेत: डाग पसरेपर्यंत संयम, आणि पसरू लागताच निःसंकोच हाक. आपल्या हाती एवढेच, की त्या हाकेचे कारण शोधल्याशिवाय ती बंद पाडू नये. गजकर्णाचे मलम घेताना त्यात काय आहे ते विचारावे. मधुमेह असलेल्याने साखर वेळेवर तपासावी. शेतात दुखावलेल्या डोळ्यात लाली घालवणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

दादांनी गेल्या हंगामात खामगावच्या बाजारातून साध्या पांढऱ्या काचांचे सहा चष्मे आणले. मळणीयंत्राशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मजुराच्या डोळ्यांवर ते स्वतःच्या हाताने चढवतात. कोणी हसले तर रागावत नाहीत. आपला अधू डोळा त्याच्याकडे वळवून म्हणतात, “बाप्पा, हा पाय आधी, मंग हास.”